मास्तरांनी बांधून ठेवलेला हात

हे विश्वंभरा, करुणेच्या सागरा! आईच्या उदरातल्या अंधारात, कोणी पाहत नसताना, एवढ्याशा मुठीला तू पाच बोटे फोडलीस. बोटांवर नखे बसवलीस, तळव्यावर रेषा ओढल्यास, आणि मनगटातून एक बारीकशी नस अशी नेलीस की तिच्यावाचून घास उचलता येऊ नये, लेकराचा गाल कुरवाळता येऊ नये. तुला आधी वंदन. माणूस चुकतो हे तुला ठाऊक आहे. चुकून ते झाकतो हेही ठाऊक आहे. आणि झाकलेले ज्याला आतून जाळू लागते, त्याला तू दूर लोटत नाहीस, हा आमचा भरवसा. त्या भरवशावर आज एका म्हाताऱ्या माणसाचा उजवा हात तुझ्या चरणी आणून ठेवायचा आहे.

तो हात बांधणीमास्तरांचा.

मास्तर पुस्तके बांधत. वय सत्तरीला दोन कमी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचे काम चाले. तिथे एक लांब टेबल, भिंतीला पुठ्ठ्यांची चवड, कोपऱ्यात चाक फिरवून पुस्तके दाबायचा लोखंडी शिकंजा. आणि खळीचा आंबूस वास असा मुरलेला, की तो घरातल्या उशांनाही येई. त्यांनी बांधलेल्या पुस्तकाचे कोपरे इतके काटकोनात असत, की लोक त्यांना पाठीमागे, काटकोन तपासायच्या सुताराच्या हत्यारावरून, ‘गुण्या’ म्हणत. मास्तरांना हे ठाऊक होते, आणि ते ऐकून त्यांची छाती दोन बोटे फुगे.

खिडकीशी त्यांची धाकटी बहीण बसे. घरात तिला ‘चिमणी’ म्हणत, त्रेसष्टाव्या वर्षीही. नवरा गेल्यापासून, म्हणजे एकतीस वर्षे, ती भावाच्या घरी राहत होती आणि छापील कागदांच्या घड्या एकीला एक जोडून शिवत होती. टाका वाकडा गेला तर मास्तर रागावत नसत. कात्री उचलून तिच्यापुढे ठेवत, एवढेच. ती मुकाट्याने उसवी आणि पहिल्यापासून सुरुवात करी. भावाचा तिला धाक होता, आणि धाकापेक्षा मोठा विश्वास होता. दादा कामात चुकत नाही, हे तिने सूर्य उगवतो तसे गृहीत धरले होते.

पुढे मास्तरांच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. आधी झोपेत, मग दिवसाढवळ्या. एकदा खळीचा ब्रश हातातून निसटला आणि नव्याकोऱ्या कापडावर पडला. डॉक्टरांनी कार्पल टनेल असे नाव सांगितले. मनगटात हाडांचा एक अरुंद बोगदा असतो, त्यात नस दबली आहे, वरचा पडदा कापून तिला मोकळी करावी लागेल, म्हणाले. शस्त्रक्रिया वीस मिनिटांत आटोपली. मास्तर म्हणाले, “एवढ्या वेळात तर माझा एक पुठ्ठाही कापून होत नाही.”

घरी जाण्याआधी तिथली फिजिओथेरपिस्ट त्यांच्याजवळ येऊन बसली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, चष्मा नाकावरून घसरणारी मुलगी.

“आजोबा, नस मोकळी झाली. आता खरं काम तुमचं. दर तासाला मूठ मिटायची, उघडायची, दहा वेळा. हात छातीच्या वर ठेवायचा, म्हणजे सूज उतरेल. गोळी वेळेवर घ्यायची, कळवळेपर्यंत थांबायचं नाही. आणि हा पट्टा फक्त झोपताना, तोही थोडेच दिवस.”

“दुखलं तर?”

“दुखणारच. इथे, तळहाताच्या बुडाशी, दोन्ही बाजूंना. हातावर भार दिला की कळ येईल. तुमच्या वयाला तीन महिने धरा, कुणाकुणाला सहाही लागतात. फार दुखलं तर व्यायाम थोडा कमी करा. पण बंद करू नका.”

मास्तरांनी मान हलवली. मान हलली, पण मन हलले नाही. पन्नास वर्षे ज्या विद्येवर त्यांनी पोट भरले, त्या विद्येचा पहिला धडा होता: खळ ओली असताना पुस्तक उघडायचे नाही. बांधायचे, शिकंज्यात घालायचे, चाक आवळायचे आणि हात लावायचा नाही. उतावीळपणे उघडले तर पाठ मोडते, आणि एकदा मोडलेली पाठ पुन्हा तशी होत नाही. या मुलीला पुस्तकातले ठाऊक. ओल्या जोडाचे काय ठाऊक?

पहिल्या दिवशी त्यांनी तीनदा मूठ मिटली. चौथ्यांदा कळ कोपरापर्यंत चमकून गेली. ते घाबरले. घाबरले, पण स्वतःशीही तसे म्हणाले नाहीत. ‘जोड ओला आहे,’ असे म्हणाले. उठले, टेबलाच्या खणातून पुस्तकाच्या पाठीला लावायची रुंद कापडी फीत काढली, आणि डाव्या हाताने व दातांनी ओढून पट्ट्यावरून, तळव्यावरून, पार बोटांच्या पेरांपर्यंत हात आवळून बांधला. दुखणे खरोखरच कमी झाले. मास्तरांना वाटले, आपलेच खरे.

बायकोने पाहिले. “अहो, बोटं कशाला बांधलीत?”

“त्या बाईंनीच सांगितलंय.”

हे पहिले खोटे. किती सहज निघाले ते! तेलात माखलेल्या किल्लीसारखे फिरले.

“आणि ते दहादा मिटायचं?”

“झालं सकाळीच.”

हे दुसरे. मग मोजण्याचे कारण उरले नाही. टाके काढायला गेले तेव्हा दवाखान्याच्या फाटकापाशी, भिंतीकडे तोंड करून त्यांनी फीत सोडली आणि गुंडाळी खिशात टाकली. त्या फिजिओथेरपिस्ट मुलीने हात हाती घेतला. बोटे सुजून तुकतुकीत झाली होती, अर्धीही मिटत नव्हती.

“घरी करता ना, आजोबा?”

“दर तासाला.”

तिने आता जखमेच्या वणावर तेलाचे बोट फिरवून चोळायला शिकवले. आधी कापसाने, मग मऊ कापडाने, मग टॉवेलाने तळवा घासायला सांगितले, म्हणजे स्पर्शाला तो चमकायचा थांबेल. मास्तर “हो, हो” म्हणत राहिले, फाटकाबाहेर आले आणि फीत पुन्हा आवळली. गोळ्या खणात तशाच पडल्या. दुखण्यापुढे वाकणे त्यांना कमीपणाचे वाटे.

असे पाच आठवडे गेले. हात सुधारला नाही. चमचा धरवेना, सदऱ्याची गुंडी लागेना, वाऱ्याची झुळूक तळव्याला लागली तरी अंगावर काटा येई. आता या अपयशाला धनी हवा होता, आणि तो बाहेर शोधणे सोपे होते. वाचनालयाचे ग्रंथपाल दुरुस्तीची पुस्तके घेऊन आले, त्यांनी दारातूनच विचारले, “काय मास्तर, हात कसा आहे?”

“हात होता, साहेब. आता शोभेची वस्तू आहे. चांगला चालता हात मी कसायाच्या टेबलावर नेऊन ठेवला.”

“अरेरे! व्यायाम वगैरे?”

“ती पोरगी सांगते ना! उघडा-मिटा, उघडा-मिटा. माझा हात आहे की छत्री?”

ग्रंथपाल पोट धरून हसले. हशा मिळाला की माणसाला चव लागते. मास्तरांनी ही छत्री समोरच्या चष्मेवाल्याला ऐकवली, कागदवाल्याला ऐकवली, शेजारच्या निवृत्त शिक्षिकेला दोनदा ऐकवली. आणि प्रत्येक वेळी खिडकीशी बसलेल्या चिमणीची सुई क्षणभर थांबत होती, हे त्यांनी पाहिले नाही.

कारण चिमणीचाही हात तसाच होता. भावापेक्षा वाईट होता. सुई बोटांतून गळे आणि तिला पत्ता नसे. अंगठ्याच्या मुळाशी मांसाची उशी असते, ती खोलगट होऊ लागली होती. डॉक्टरांनी तिला बजावले होते, “आता उशीर नको. हा स्नायू वाळला तर नंतर नस मोकळी करूनही तो भरून येईलच असं नाही.” पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली होती.

सोमवारी दुपारी चहाचा कप पुढे ठेवत बायको म्हणाली, “चिमणीने गुरुवारचं रद्द केलं. फोन करून सांगितलं त्यांना.”

मास्तरांचा डावा हात कपाशी थांबला. “का?”

“तिलाच विचारा.”

चिमणी खिडकीशी होती. मान वर न करता म्हणाली, “तुझा हात बघितला ना, दादा. तू कधी कामात कुचराई केली नाहीस. तू सगळं सांगितल्याबरहुकूम करून तुझं हे असं झालं, तर माझ्यासारख्या धांदरटाचं काय होणार? आहे तो अर्धा तरी राहू दे.”

पाहा देवा, तुझा न्याय! शिव्या देऊन तू कोणाला लाजवत नाहीस. ज्याने खोटे बोलावे, त्याच्यावर कोणीतरी जिवापाड विश्वास ठेवतो, आणि तो विश्वासच त्याच्या काळजात उतरतो.

मास्तरांनी कप बाजूला सारला. खरे सांगायला तोंड उघडले, आणि त्यातून निघाले ते असे: “अगं, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं.”

“कसाई तर तोच आहे ना? तूच म्हणालास.”

“मी आपलं गमतीनं...”

“चमचा गमतीनं पडतो का रे तुझ्या हातातून?”

चहावर साय धरली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ते तिच्या पाठीमागून दहादा गेले, दहादा थांबले. ती डाव्या हाताने उजव्या हाताची बोटे उघडत होती, त्यांत सुई ठेवत होती, पुन्हा मिटत होती. प्रत्येक वेळी त्यांना वाटे, आता बोलू. पण अडुसष्ट वर्षे ज्याचा कोपरा हलला नाही, त्याने धाकट्या बहिणीपुढे ‘मी खोटं बोललो’ म्हणायचे, आणि तेही कशासाठी? दुखण्याला भ्यालो म्हणून! पाय ओढत ते आपल्या टेबलाशी परत येत.

बुधवारी त्यांची दवाखान्यात जायची पाळी होती. चिमणी म्हणाली, “मीही येते. माझे कागद परत घेऊन येते.” रस्त्याने दोघे बरोबरीने चालले. फाटक आले. बहीण सोबत असल्याने मास्तरांना भिंतीकडे तोंड करता येईना. “बुटात खडा गेलाय, तू हो पुढे,” म्हणाले, आणि वाकून बूट झटकल्याचे सोंग करीत फीत सोडली. त्या वाकण्याची त्यांना जितकी लाज वाटली, तितकी आयुष्यात कशाची वाटली नव्हती.

आतल्या खोलीत मुलीने त्यांची बोटे मोजपट्टीने मोजली, पकड मोजायचे यंत्र हातात दिले. काटा जागचा हलेना. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“आजोबा, मी तुमची फाईल मोठ्या डॉक्टरांना दाखवली. सगळे व्यायाम होऊनही बोटं अशी राहिली, तर आत पुन्हा उघडून बघावं लागेल असं त्यांचं म्हणणं आहे.” मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “मी त्यांना सांगितलं, कदाचित माझंच शिकवणं चुकलं असेल. तुम्ही एवढं मनापासून करताय आणि गुण येत नाही, म्हणजे दोष माझाच. पुढच्या वेळेपासून दुसऱ्या ताई बघतील तुम्हाला.”

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून चिमणी उठली. “बाई, माझे कागद द्या. मला नाहीच करायचं हे.”

हाच तो क्षण. एकीकडे एका मुलीचे नाव, दुसरीकडे बहिणीचा अंगठा, आणि मध्ये एका माणसाची ताठ मान. मास्तरांनी खिशात हात घातला. फितीची गुंडाळी काढून टेबलावर ठेवली. तिला बोटांचा आकार आला होता.

“मी केलेच नाहीत,” ते म्हणाले.

“काय केले नाहीत?”

“व्यायाम. पहिल्या दिवशी तीनदा केले. दुखलं, मी भ्यालो. मग ही फीत. रोज बांधतो. इथे येताना फाटकाशी सोडतो. आता बुटात खडाबिडा नव्हता, चिमणे. गोळ्याही खणात आहेत, सगळ्या.” त्यांनी गुंडाळी मुलीकडे सरकवली. “या पोरीचं काही चुकलं नाही. डॉक्टरांचं नाही. घरी सांगितलं ते खोटं, गावभर सांगितलं तेही खोटं.”

खोलीत दोन रुग्ण आणखी होते. दोघेही खिडकीबाहेर पाहू लागले. मुलगी फितीकडे बघत होती. “पण का बांधलीत?”

“आमच्यात ओला जोड उघडत नाहीत.”

ती हसली नाही, हे तिचे मोठेपण. तिने त्यांचा हात अलगद उचलला. “आजोबा, पुठ्ठा आणि कागद एकमेकांना चिकटावेत म्हणून तुम्ही दाबता. इथे काहीच चिकटायला नको आहे. नस आणि बोटांच्या दोऱ्या आत सरकत राहिल्या पाहिजेत. नाही सरकल्या, तर त्या जिथल्या तिथे धरतात.” मग थोडे थांबून, “मला खरं सांगितलं असतंत तर मी व्यायाम सोपा करून दिला असता. दुखणं लपवण्यासारखं नसतं हो.”

आता चिमणी बोलली. तिचा आवाज बारीक होता, पण खोलीच्या चारही कोपऱ्यांत पोहोचला.

“एकतीस वर्षं माझा एक टाका वाकडा गेला की तू कात्री पुढे ठेवलीस. एकतीस वर्षं. मी कधी म्हटलं का, दादा, आज हात दुखतोय?”

तिने भावाकडे पाठ केली आणि मुलीला विचारले, “माझा उद्याचा नंबर?”

मुलीने वही पाहिली. “तो दुसऱ्यांना दिला, मावशी. आता तीन आठवड्यांनी.”

“लिहा मग,” चिमणी म्हणाली आणि एकटी बाहेर पडली.

घरी ती चार दिवस भावाशी बोलली नाही. समोर बसून म्हणे, “वहिनी, खळ संपली म्हणावं.” वहिनी दोघांच्या मध्ये उभी राहून म्हणे, “अहो, खळ संपली. आणि मला काय टेलिफोनची तार समजलात का दोघांनी?” तिच्या वाट्याला जे खोटे आले होते, त्याबद्दल ती एकदाच बोलली. पहिल्या सकाळी गोळी आणि पाण्याचा पेला पुढे ठेवून ती तिथेच उभी राहिली. “गिळा. तोंड उघडून दाखवा.” मास्तरांनी लहान मुलासारखे तोंड उघडून दाखवले.

मग मास्तर एकेका दारी गेले. कागदवाला कामात होता, त्याने नीट ऐकलेही नाही. चष्मेवाला म्हणाला, “जाऊ द्या हो, कोण लक्षात ठेवतं?” ग्रंथपालांना तर छत्री पाठ झाली होती, ते पुन्हा हसू लागले. मास्तर हसणे थांबेपर्यंत उभे राहिले आणि म्हणाले, “ती गोष्ट खोटी होती, साहेब. हात मी बिघडवला. कुणाला ऐकवली असेल तर हेही ऐकवा.” ग्रंथपालांचे हसू विरले. शिक्षिका मात्र म्हणाली, “ऑपरेशन नको म्हणून माझ्या मावसबहिणीला मी तुमचंच उदाहरण दिलं होतं.” ती मावसबहीण परगावी होती. मास्तरांनी तिथेच बसून, डाव्या हाताने, वाकड्या अक्षरात चार ओळींचे पत्र लिहिले. पत्राला उत्तर आले नाही.

हात हळूहळू सुटू लागला. रोज कोमट पाण्यात बुडवणे, वणावर तेल, टॉवेलाने घासणे, तासाला दहा मिटण्या. आधी बोटे कापसाच्या गोळ्याशी पोचली, मग स्पंजाशी. दुखणे आले की ते “दुखतंय” म्हणत. हा शब्द त्यांना व्यायामापेक्षा जड गेला. पुन्हा उघडून बघायची वेळ टळली. पण मधल्या बोटाच्या टोकाला कापूस बांधल्यासारखे राहिले ते राहिलेच. इतक्या उशिरा, या वयात, नस सगळीच्या सगळी जागी होईल असे कोणी म्हणू शकत नव्हते.

तीन आठवड्यांनी चिमणीला आत नेले. दारात ती थांबली. त्या दिवसांत पहिल्यांदा ती आपणहून भावाकडे वळली.

“दादा, बाहेर बसून राहा. आणि बसल्या बसल्या मूठ मिटत राहा. मी आतून मोजतेय असं समज.”

मास्तर बाकावर बसले. हात छातीशी उंच धरून मूठ मिटू लागले, उघडू लागले. समोरून जाणारे येणारे पाहत होते, या म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी का वाहते आहे. हात इतका दुखत असेल का?

शस्त्रक्रिया चांगली झाली. चिमणी दर तासाला, घड्याळाकडे बघून, दहा म्हणजे दहाच मिटण्या करी. दोन महिन्यांत सुई तिच्या बोटांत टिकू लागली. पण अंगठ्याच्या मुळाशी जो खोलगटपणा आला होता, तो भरला नाही. मास्तरांनी डॉक्टरांना एकांतात गाठून विचारले, “तीन आठवडे आधी झालं असतं तर?”

डॉक्टर म्हणाले, “सांगता येत नाही.”

हो म्हणाले असते तर मास्तरांनी शिक्षा समजून डोक्यावर घेतली असती. नाही म्हणाले असते तर सुटले असते. ‘सांगता येत नाही’ हे त्यांना रोज सांभाळावे लागते. चिमणी टेबलापलीकडे बसते, दोरा ओढते, आणि उजेड खिडकीतून तिच्या अंगठ्यावर पडतो, तेव्हा मास्तरांची मान खाली जाते. ती ते पाहते. कधी काही म्हणत नाही. कधी म्हणते, “दादा, तास झाला,” आणि दोघे भाऊबहीण समोरासमोर हात वर करून मुठी मिटू लागतात.

हे दयाघना, त्या घरावर तुझी सावली असू दे. चिमणीच्या अंगठ्यात जितके बळ उरले आहे तितके तिच्या अखेरच्या दिवसापर्यंत टिकू दे. दोघांच्या मध्ये उभ्या राहिलेल्या त्या माउलीला निवांत बसून चहा प्यायला मिळू दे. स्वतःवर दोष घेणाऱ्या त्या मुलीच्या हातांना यश दे. आणि मास्तरांची लाज, देवा, एकदम पुसू नकोस, कारण तिनेच त्यांना मऊ केले आहे. पण तिची कळ रोज थोडी उतरू दे, आणि एक सकाळ अशी दे की बहिणीच्या हाताकडे पाहताना त्यांची मान वर राहील. त्या घरात कोणाचेही दुखणे कोणापासून लपून राहू नये. सर्वांचे कल्याण असो.